वयाची पट्टी

आमचा जुना कॉम्प्युटर एका दुपारी फुस्स करून बंद पडला तो पुन्हा उठलाच नाही. दुरुस्तीवाल्यानं त्याचं पोट उघडून पाहिलं आणि मान हलवली. नवं मशीन आणलं, तर त्यावर आमचं जुनं फोटोचं सॉफ्टवेअर चढेना. "ते व्हर्जन आता बंद झालं, मॅडम. नवं टाकतो. लई भारी हाय," तो म्हणाला. ज्याला स्वतःला वापरायचं नसतं त्याला सगळंच लई भारी वाटतं.

उमरग्यात हायवेच्या कडेला आमचा स्टुडिओ आहे. अब्बांनी, म्हणजे पाशामियाँनी, तो काढला तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे साफ करायचे दिवस होते. मी, त्यांची मुलगी शाहिस्ता, त्यांच्या हाताखाली आले तेव्हा कॉम्प्युटर आला होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम ही कामं आहेतच, पण आमचं खरं काम भिंतीवरच्या फोटोंचं. माणूस गेला की दोन-तीन दिवसांत मोठा फोटो लागतो. घरचे लोक मोबाइलमधला एखादा फोटो घेऊन येतात. त्यात आजोबांच्या मांडीवर नातू असतो, मागं म्हैस असते. नातू आणि म्हैस काढून आजोबा तेवढे ठेवायचे, हा आमचा धंदा.

जुन्या व्हर्जनमध्ये हे सगळं माझी बोटं करायची. कुठली कळ कुठं आहे असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, पण बोटं बरोबर जायची. नव्या व्हर्जननं सगळं घरच फिरवलं. ब्रश कुठल्या तरी पोटकप्प्यात नेऊन ठेवला. जी कळ दाबल्यावर आधी खिडकी बंद व्हायची, ती दाबली की आता फोटो सगळ्या पडद्यावर पसरायचा. आणि कोपऱ्यात एक चौकट सारखी उगवायची: मी करून देऊ का? नाही म्हटलं तरी थोड्या वेळानं पुन्हा हजर. भोचक शेजारीण परवडली, ती निदान चहा पिऊन निघून जाते.

अब्बा मात्र खूश होते. पंचाहत्तरीचा माणूस, हात थरथरतो म्हणून त्यांनी काम सोडलेलं, पण माझ्या मागं खुर्ची टाकून बसायचे आणि लहान पोरासारखे विचारायचे, "ये क्या करता गे? वो बटन दबा के देख ना." नव्याचे नऊ दिवस, मी म्हणायचे. ते म्हणायचे, "नऊ दिन तो देख ले."

पहिल्याच आठवड्यात घोटाळे झाले. एक तर ते फोटो आपल्या अकलेनं कापायचं. चेहरा अगदी मधोमध, डोक्यावर जागा नाही, गळ्याखाली जागा नाही. दिसायला छान, पण आमच्या फोटोला हार घालतात. हाराला जागा सोडली नाही तर झेंडूची फुलं थेट माणसाच्या नाकावर येतात. हे त्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा घोटाळा मोठा होता. चेहऱ्यावरचे डाग ते आपणहून पुसायचं. चौरस्त्याच्या कडेला किराणा दुकान असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो मी करून दिला, आणि तासाभरात त्यांचे दोन मुलगे परत आले. वडिलांच्या कपाळावरची विभूती गेली होती. तीन पांढरे पट्टे, सॉफ्टवेअरला वाटलं धूळ बसलीय. थोरला म्हणाला, "आमचे वडील विभूती लावल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायले न्हाईत कधी. तुमी त्यांना तसंच वर पाठवायलाव व्हय?" मला जमिनीत जावंसं वाटलं. मग मी अब्बांचा फोटो टाकून पाहिला. साठ वर्षं सजदा करून त्यांच्या कपाळावर जो काळसर घट्टा पडलाय, तोही गायब. अब्बांनी आपल्या कपाळाला हात लावून खात्री केली आणि पोट धरून हसले. "सारी कमाई एक बटन में गई!"

मी तो डाग पुसायचा प्रकार बंद करायचा रस्ता शोधत होते तेवढ्यात गंगम्मा आल्या.

गंगम्मा बिराजदार, लोहाऱ्याकडच्या, माकणीच्या अलीकडच्या गावातल्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, ताठ, इरकल नेसलेल्या. पायरीवर चप्पल काढून आत आल्या आणि विचारलं, "मेलेल्या माणसाचा फोटो इथंच करत्यात ना?"

"हो, मावशी. कुणाचा करायचाय?"

"माझा."

अब्बा खुर्चीत सरळ झाले. गंगम्मांनी शांतपणे सांगितलं, "मालकांस्नी डोळ्याच्या दवाखान्यात बसवून आलाव. त्यांचा नंबर यायला उशीर हाय. म्हटलं तवर हे उरकावं. आदी करून ठेवल्यालं बरं आसतंय. पोरं कसलाबी लावत्यात. आमच्या जावंचा आधार कार्डावरचा लावलाय. बघितलं की वाटतंय, चोरी करताना धरलीया बाईला."

मी हसले आणि त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यांनी पदर सारखा केला, गळ्यातलं नीट केलं, कपाळावर विभूती आहे का हे मला विचारून घेतलं. हसा म्हटलं तर म्हणाल्या, "मेल्यावर कशाला हसू?" फोटो चांगला आला. कपाळावर मधोमध आणि हनुवटीवर हिरवं गोंदण, दोन्हीकडं गालांच्या घड्या, आणि डोळे मात्र अगदी जागे.

फोटो मशीनमध्ये घेतला, आणि माझी नजर जरा हटली तोवर त्या भोचकानं आपलं काम केलं. पडद्यावरच्या बाईच्या कपाळावर कुंकू तेवढं होतं, विभूती नव्हती, गोंदण नव्हतं, हनुवटी स्वच्छ होती. मी घाईघाईनं परत फिरवायला गेले, पण गंगम्मा माझ्या खांद्यावरून वाकल्या होत्या.

"ही कोण?"

"तुम्हीच, मावशी. चुकून झालं. लगेच आणते सगळं."

"थांब की जरा. नको आणू." त्या आणखी वाकल्या. रागावल्या असतील असं मला वाटलं होतं, पण त्या बघत होत्या, मांजर भांड्यात वाकून बघतं तशा. "मला चार वर्साची आसताना मांडीवर दाबून धरून गोंदलं आईनं. माझं बिनगोंदणाचं कपाळ म्या कधी बघितलंच न्हाय बग. आसं व्हय ते?" आणि मग, "आनिक काय काय येतं ह्याला?"

हा प्रश्न अब्बांच्या मनातलाच होता. "बहोत कुछ आता, माँजी," ते म्हणाले. "शाहिस्ता, वो उमरवाला दिखा ना."

तो प्रकार मी एकदाच उघडून पाहिला होता. पडद्याच्या कडेला एक पट्टी, तिच्यावर एक ठिपका. ठिपका उजवीकडं सरकवला की माणूस म्हातारा होतो, डावीकडं सरकवला की तरुण. कामाचा काडीचा उपयोग नाही. पण खरं सांगते, मलाही उत्सुकता होतीच. आजवर मी तो फक्त अब्बांवर चालवला होता आणि ते तरुणपणी एखाद्या वरातीतल्या घोड्यावर बसायला निघाल्यासारखे दिसले होते.

मी ठिपका थोडा डावीकडं नेला. गंगम्मांच्या गालांच्या घड्या सैल झाल्या. आणखी थोडा नेला. केस काळे होत आले.

"अय्यो!" त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. "ही तर नातीच्या लग्नातली. तवा म्या अशीच व्हते. आनिक माघारी ने."

मी नेत गेले. प्रत्येक वेळी त्या काहीतरी बोलायच्या. ही भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हाची. ही धाकटा पोटात होता तेव्हाची, तेव्हा गाल असेच सुजलेले. अब्बा टाळ्या पिटायचे बाकी होते. मलाही मजा वाटू लागली, नव्या व्हर्जनवरचा राग मी पाच मिनिटं विसरलेच. मग एका जागी गंगम्मांचं बोलणं थांबलं. हसणंही थांबलं.

"अजून खाली."

ठिपका जवळजवळ टोकाला गेला. पडद्यावर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी होती.

"हितं थांब. ते गळ्यातलं काढता येतंय का? आन् कुकवाच्या जागी बारकी टिकली."

मी मंगळसूत्र पुसलं, कुंकू पुसलं, टिकली ठेवली. काम करताना जाणवलं की मागं त्यांचा श्वास वेगळाच चाललाय. मी वळून पाहिलं.

"ही म्या न्हाय," गंगम्मा म्हणाल्या. "माझी लेक हाय. म्हंजे, आसंल. सगळी म्हणायची, आईच्या साच्यातनं काढलीया. भूकंपात गेली ती. घर गेलं, तिचा शाळंतला एकच फोटो व्हता, तोबी गेला." त्यांनी पदर हातात घेतला पण डोळ्यांना लावला नाही. "बाई, कुणाला सांगितलं न्हाय, तुला सांगती. मला तिचं तोंड आठवंना झालंय. वेणी दिसती. पाय दिसत्यात, भेगाळल्यालं. पाठमोरी चालताना दिसती. पर म्हागं वळून बघ म्हटलं की तिथं काय बी न्हाय. आई आसून. कसली गं म्या आई?"

अब्बांनी मान खाली घातली. आमच्या दुकानात रडणारी माणसं रोज येतात, त्यांना पाणी द्यायचं असतं हे मला माहीत आहे, पण ह्या रडत नव्हत्या.

"सांग की," त्या म्हणाल्या. "हे मशीन म्हनतंय ते खरं आसंल का? ती आशीच व्हती का?"

आता मी काय सांगणार? त्या मशीननं बघितलेली नव्हती ती मुलगी. त्यानं एका म्हातारीच्या सुरकुत्या ताणून बसवल्या होत्या, बस. पण तसं तोंडावर म्हणवेना. "ते अंदाजानं करतं, मावशी. घरात कुणाला आठवत असेल तर विचारून बघा. मालकांना?"

"त्यांस्नी?" गंगम्मांनी मान झटकली. "त्यांच्यापुढं तिचं नाव घ्यायची सोय न्हाय. घेतलं की ताटावरनं उठायचं. मग आमी सगळ्यांनीच सोडलं. आता तर नातवंडांस्नी ठावंच न्हाय, आशी कुणी व्हती म्हणून. त्यांनी तिला इसरून टाकलंय बग. पुरुष माणसाला जमतंय ते."

तेवढ्यात दारात उजेड अडला. धोतर, टोपी, डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा, हातात काठी, आणि मागं रिक्षावाला. गंगम्मांचे मालक, महांतप्पा आप्पा, आले होते, दवाखान्यातून विचारत विचारत.

"बंद कर, बंद कर," गंगम्मा कुजबुजल्या.

मी झटकन कळ दाबली. बोटांनी जुनी कळ दाबली. आणि ती मुलगी सगळ्या पडद्यावर पसरली, भिंतीएवढी वाटली मला तेव्हा.

महांतप्पा आत आले, खुर्ची चाचपून बसले. "औषध घातलंय डोळ्यांत. बाहुल्या मोठ्या केल्यात म्हनं. उजेड सोसंना, समदं पांढरं दिसायलंय." मग त्यांचा चष्मा पडद्याकडं वळला. "हे मोठं काय हाय? कुणाचा फोटो?"

मी दुसरी कळ शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती. त्या क्षणी ते व्हर्जन करणारा माणूस समोर आला असता तर मी त्याला काठीनं हाणलं असतं, आप्पांच्याच.

"पोरगी दिसायली," महांतप्पा म्हणाले. "कुणाची?"

मला वाटलं गंगम्मा काहीतरी थाप मारतील. पण त्यांनी पदर कमरेला खोचला, विहिरीत उतरायच्या आधी बाई खोचते तसा, आणि म्हणाल्या, "आपली. मशीनला सांगून करून घेतलीया. माझ्या तोंडावरनं."

आप्पा उठले. मला वाटलं चालले आता, ताटावरून उठायचे तसेच. काठी हातात होती. पण बाहेर दुपारचं ऊन होतं, दारातून नुसता पांढरा भपका येत होता आणि त्यांना एक पाऊलही दिसत नव्हतं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि परत बसले. पडद्याकडं पाठ करून.

"मला दिसत न्हाय," ते म्हणाले. "कशी केलीया?"

"चांगली केलीया."

"चांगली म्हंजे कशी? सांग की. नाक कसं हाय?"

गंगम्मांनी पडद्याकडं पाहिलं. "सरळ. माझ्यावानी."

"हं. आन् भुवया?"

"लांब. बारीक."

"न्हाय," आप्पा एकदम म्हणाले. "चुकलं ते. भुवया तुझ्या नव्हत्या तिच्या. माझ्या आईच्या व्हत्या. मधी जुळल्याल्या. तू म्हणायचीस, जुळल्याल्या भुवयांच्या पोरीला सासू लई कजाग मिळती."

गंगम्मा त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "व्हय. म्या म्हणायची."

मी ब्रश शोधायला लागले. त्या पोटकप्प्यात, त्याच्या आतल्या कप्प्यात, शेवटी सापडला. माझा जुनाच ब्रश, तसाच्या तसा. मी भुवया जुळवल्या. अब्बा पुढं सरकून बसले आणि म्हणाले, "इतना काला नको गे. लडकी के भुवया हैं, मिशा नहीं."

"केस?" आप्पांनी विचारलं.

"चप्प बसवल्यात."

"कुठलं बसायला! कपाळावर लव यायची बारकी. त्याल चोपडलं तरी उभीच. शाळंत जाताना पाणी लावून दाबायची, वेशीपर्यंत जाऊस्तवर परत उभी."

मी केस मोकळे केले. भोचक चौकट वर आली, चेहरा नीट करून देऊ का? मी तिला हाकलली. ती पुन्हा आली आणि माझी बारीक लव पुसून गेली. मी ती परत काढली. अशी आमची दोघींची झटापट चालली होती आणि माझ्या मागं दोन म्हातारी माणसं बोलत होती. एकजण डोळे मिटून, पडद्याकडं पाठ करून. दुसरी पडद्याकडं आता फारसं बघतच नव्हती, नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

मला एक गोष्ट कळली त्या दिवशी. आप्पांना कुणी विचारलं असतं, तुमची मुलगी कशी दिसायची, तर ते बोलले नसते. गेली तीस-बत्तीस वर्षं ते बोललेच नव्हते. पण चुकीचा चेहरा समोर ठेवला तेव्हा त्यांना राहवेना. आपल्या लेकीच्या भुवया कुणी चुकवल्या तर बाप गप्प कसा बसेल?

"हसायली का?" त्यांनी विचारलं.

"किंचित. दात दिसत्यात. वळीत हायत, पांढरं शुभ्र."

"खोटं! दात वळीत कुठं व्हतं? वरचा एक दात दुसऱ्यावर चढल्याला. म्हणून तर..."

"म्हणून तोंडावर हात धरून हसायची!" गंगम्मा जवळजवळ ओरडल्या. त्यांनी स्वतःचाच हात तोंडावर धरला. "व्हय वो! डावा हात! आशी! म्या म्हणायची, हात काढ, कोण बघायलंय तुझा दात. दिसली. मला दिसली बगा!"

आणि आता त्या रडल्या. खुर्चीला धरून, आवाज करून. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अब्बांनी उठून सगळ्यांना पाणी दिलं, थरथरत्या हातानं, निम्मं सांडून. आप्पांनी पाणी घेतलं आणि प्यायले नाहीत, पेला नुसता धरून बसले.

तो दात चढवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी वाकडा करायचे, सॉफ्टवेअर सरळ करायचं. त्याच्या मते माणसाचे दात वळीतच असायला हवेत. शेवटी कुठंतरी एका चौकोनात बरोबरची खूण मिळाली, ती काढल्यावर ते गप्प बसलं आणि दात चढला तो चढलाच. मुलगी अजूनही पुरती बरोबर नसेल, कोण जाणे. पण ती आता कुणाच्या तरी घरातली दिसत होती.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, खालचा बॅटरीचा डबा टूं टूं करायला लागला. त्याच्यात दम फार नाही, दोन-चार मिनिटं तग धरतो. मी घाईनं फोटो ठेवायची कळ दाबली. जुनं व्हर्जन निमूट ठेवून द्यायचं. हे नवं अडून बसलं. पडद्यावर रिकामी चौकट आली.

"नाव मागतंय," मी म्हणाले. "नाव दिल्याशिवाय ठेवत नाही हे."

गंगम्मांनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडं पाहिलं. त्यांना तोंडातून नाव काढता येईना, इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "मावशी, तुमचंच नाव टाकते तात्पुरतं," आणि ग लिहिला.

"शिवलीला," महांतप्पा म्हणाले.

माझी बोटं थांबली. बॅटरी ओरडत होती.

"पुरं लिवा की. शिवलीला महांतप्पा बिराजदार. नववी ब."

मी ग पुसला आणि नाव लिहिलं. गंगम्मांनी पदर तोंडाला दाबून धरला होता. मग त्यांनी तो काढला.

"ब न्हाय वो," त्या म्हणाल्या. "अ. नववी अ."

"ब."

"अ! तुमास्नी काय ठावं? डबा द्यायला म्या जायची शाळंत."

"आन् पाऊस लागला की आणायला कोण जायचं? वर्गाच्या दाराशी घोंगडं घिऊन कोण हुबं ऱ्हायचं?"

फोटो ठेवला गेला आणि पडदा काळा झाला. अब्बा दाराजवळ जाऊन उभे राहिले, दुसरं गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून.

"तुमी," गंगम्मा म्हणाल्या. "तुमी जायचाव." त्यांनी आपली खुर्ची ओढून नवऱ्याच्या खुर्चीला भिडवली. "मग येवडं दिस का गप बसलाव वो? म्या एकटीच शोधायलते तिला. सांगा की मला. दाराशी हुबं ऱ्हायलं की ती काय करायची?"

"आदी बघून न बघितल्यागत करायची," आप्पा म्हणाले. मग ते पाणी प्यायले, आणि पुढचं सांगायला लागले.